द्रावण, निलंबन, कलिल

प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत मी काम करते,
हॅलिफॅक्सला, टेकडीवरच्या शाळेत.
आम्ल मोजते, बाटल्या भरते, चिठ्ठ्या डकवते.
शिकवत नाही. मुलं मला मिस म्हणतात,
ती सगळ्यांनाच म्हणतात म्हणून.

नोव्हेंबरात कॅलम होल्रॉइडनं स्टूल भिरकावलं.
काचेचं कपाट, चाळीस चंचुपात्रं
आणि माझ्या तळहाताला सात टाके.
पोरगं चौदाचं.

नवरा म्हणाला, काढतील ना त्याला आठवडाभर?
काढतील, म्हटलं. निलंबन.
शब्द तोंडात आला आणि तिथंच अडकला,
कारण कोरेगावच्या शाळेत तो मला
आधी रसायनात भेटला होता:
पाण्यात खडूची भुकटी. ढवळली की दूध.
भांडं बाजूला ठेवून द्या,
कण आपोआप तळाशी बसतात.

शिकवणारे माझे वडीलच होते.
त्याच वर्षी वासू लोखंडेला त्यांनी
आठ दिवस वर्गाबाहेर काढलं.
आठ दिवस संपले. वासू आला नाही.
पुढं तो वीटभट्टीवर दिसायचा,
आणि वडील सायकल लांबच्या रस्त्यानं न्यायचे.
का, ते कधी बोलले नाहीत.

मुख्याध्यापिका मिस ओसेई म्हणाल्या,
पाच दिवस घरी पाठवू शकते.
पण त्याच्या घरी दिवसा नुसता टीव्ही असतो.
दुसरा रस्ता आहे, तुम्ही तयार असाल तरच.

खुर्च्या गोल मांडल्या. मध्ये टेबल नको म्हणाल्या.
कॅलम, त्याची मोठी बहीण,
छातीवर सुपरमार्केटचा बिल्ला तसाच.
मला विचारलं, तुम्हाला काय झालं?
टाके, म्हटलं.
ते दिसतात. आणखी?

एकवीस वर्षांत या देशात
मला कुणी ‘आणखी’ विचारलं नव्हतं.
पोळ्या लाटता येत नाहीत, मी म्हणाले,
इंग्रजीत ते भलतंच काहीतरी झालं.
बहीण हसली, मग रडायला लागली.
कॅलम बुटांकडं बघत होता.
सॉरी म्हणाला नाही.
‘तो माझ्या आईबद्दल बोलला’, एवढंच.
कोण, ते शेवटपर्यंत नाही.

ठरलं: तीन आठवडे, जेवणाच्या सुट्टीत,
माझ्या खोलीत.
आधी नुसता ब्रश आणि परीक्षानळ्या.
चौथ्या दिवशी, मिस, हा वास कसला?
अमोनिया. नाक नको लावूस, हातानं वारा घे.
त्यानं घेतला. डोळ्यांत पाणी आलं.
दोघांनाही बरं निमित्त.

चिठ्ठ्या लिहायला दिल्या तर सल्फेट
दोन तऱ्हांनी लिहिलं, दोन्ही चूक.
माझी मूठ अजून वळत नव्हती;
घट्ट झाकणं तो न सांगता उघडून ठेवायचा.

खोटं कशाला सांगू, फेब्रुवारीत त्यानं
पुन्हा एक दार लाथाडलं.
पुन्हा खुर्च्या गोल. गणिताचे सर उठून गेले,
म्हणाले, हे लाड आहेत.
त्यांचंही सगळंच चूक नाही.
थंडीत माझा तळहात अजून ओढतो.

त्या दुपारी साडेतीनलाच दिवे लावावे लागले.
खडूचं पाणी करून त्याच्यापुढं ठेवलं.
याला आमच्याकडं निलंबन म्हणतात, म्हटलं,
शाळेतून काढतात त्यालाही तेच.
‘आमच्याकडंही एकच शब्द आहे, मिस.’
खरंच की. एवढी वर्षं बाटल्यांवर लिहितेय,
माझ्या लक्षात नव्हतं आलं.

त्यानं काचेची कांडी घेतली.
‘थांबलं की परत बसणार खाली.’
बसणार.
भिंतीवरचं घड्याळ बघितलं त्यानं,
बसला अजून दहा मिनिटं होती.
ढवळत राहिला.